गडावर भाकरी कोण पोचवायचं?

आमच्या अकोले तालुक्यात घरदार सोडून रानात आलेल्यांची यादी फार जुनी आहे, आणि तिच्यात पहिलंच नाव अगस्ती ऋषींचं. काशी सोडून, विंध्य ओलांडून ते दक्षिणेत उतरले आणि प्रवरेकाठी राहिले, अशी इथली श्रद्धा. महाशिवरात्रीला त्यांच्या देवळात यात्रा भरते आणि तालुक्याच्या साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव आहे. पश्चिमेला ठाणे जिल्ह्याच्या हद्दीवर आजोबाचा डोंगर. तिथं वाल्मीकींचा आश्रम आणि लव-कुशांचा पाळणा दाखवतात. दक्षिणेला हरिश्चंद्रगड, त्याची शिखरं तारामती आणि रोहिदास. राज्य गेलेल्या राजाचं सगळं कुटुंबच इथं डोंगर होऊन बसलंय.

मी या यादीत अगदी तळाला, आणि तोही नाइलाजाने. मी नगरच्या माळीवाड्यातला. प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी लागली आणि ऐंशीच्या दशकात अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात बदली झाली. तेव्हा या बदलीला शिक्षकांत ‘काळं पाणी’ म्हणत. कुणाचा तरी रोष ओढवला की माणसाला राजूरच्या पुढं टाकायचे. नगरला पावसाळाभरात जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. इकडं घाटघरला पाच हजारांच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हा फरक. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाऊस आहे तसाच आहे.) पहिल्या आषाढात माझ्या वह्यांना बुरशी आली, काडेपेटी पेटेना आणि मिठाचं पाणी झालं. शहर सोडून रानात साधं जगावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल तेव्हापासून माझ्या मनात एक वेगळंच कुतूहल आहे. हे लोक पावसाळ्यात खायचे काय?

हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो चांगदेवांमुळे. चांगदेव आपल्याला माहीत असतात ते वाघावर बसलेले. चौदाशे वर्षं जगलेला योगी, मागे शिष्यांचा लवाजमा, ज्ञानदेवांना पाठवलेलं कोरं पत्र आणि त्याच्या उत्तरादाखल आलेल्या पासष्ट ओव्या. चिमुरडी मुक्ताई त्यांची गुरू झाली इथपर्यंत शाळेतली मुलंही सांगतात. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. चांगदेवांच्या नावावरचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके 1234 मध्ये, म्हणजे 1312 साली, हरिश्चंद्रगडावर लिहून झाला. त्यांची समाधी मात्र दाखवतात ती गोदावरीकाठी पुणतांब्याला. दोन्ही ठिकाणं आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर भागातली. चांगदेव एक की अनेक, यावर अभ्यासकांचा वाद आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. पण 1312 साली कुणीतरी एक विद्वान माणूस या गडावर बसून मराठीत तत्त्वज्ञान लिहीत होता, एवढं मला पुरे आहे.

त्या सालाकडे जरा बघा. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली होती. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. 1318 पर्यंत यादवांचं राज्य संपलं. म्हणजे खाली राजधानीचा निकाल लागत असताना वर गुहेत ओव्या जुळत होत्या. गोदाकाठची गावं सोडून सह्याद्रीच्या ऐन कड्यावर जायला त्या माणसाला अध्यात्म हे एकच कारण होतं का, अशी शंका मला येते. पुरावा काही नाही. पण धामधुमीत माणसं डोंगर जवळ करतात, हे मावळातलं आणि डांगाणातलं जुनं शहाणपण आहे.

आणि गड तरी निर्जन कुठं होता? हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ पहा. त्याच्या आवारात कातळात खोदलेल्या खोल्या आहेत, पाण्याची टाकी आहेत. शेजारी पुष्करणी, तिच्या काठाला ओळीने देवकोष्ठं. खाली केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात मोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते, त्यातला एकच आता धड उभा आहे. सह्याद्रीत नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधणाऱ्या शिलाहार झंझ राजाशी या देवळाचं नाव जोडतात. ते खरं असो नसो, इतका कातळ काही तपश्चर्येने निघत नाही. त्याला पाथरवट लागतात, लोहार लागतात, आणि त्या सगळ्यांना रोजचं जेवण लागतं. शहरातून येणाऱ्याला जे अरण्य वाटलं, ते त्याच्या आधी दोन-तीनशे वर्षं कुणीतरी राबून राहण्याजोगं केलं होतं.

आता भाकरीचं. गडाची उंची 1424 मीटर. वर करवीचं रान, कातळ आणि कोकणकड्यावरून येणारा वारा. माथ्यावर वर्षभर पुरेल एवढं धान्य पिकत नाही. नाचणी, वरई, भात पिकतो तो खाली, उतारावरच्या खाचरांत आणि माळांत. तिथं महादेव कोळी आणि ठाकर राहतात. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत वरून उतरायचं म्हणजे ओढे अडवतात. म्हणजे वर राहणाऱ्याचा चातुर्मास निभायचा तर खालच्या कुणीतरी पीठ नेऊन द्यायला हवं. दुसरा मार्गच नाही.

माझ्या ओळखीत पाचनईकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या सासूच्या काळात गडावरच्या गुहेत एक बैरागी राहायचा. गावातली घरं पाळीपाळीने त्याला शिधा पोचवायची. मी विचारलं, “आजी, बाबा फार उपास करायचे म्हणतात?” आजी चुलीतली लाकडं पुढं सारत म्हणाल्या, “करायचे की गुरुजी. बाबाचा उपास आमच्या पिठावर चालायचा.” त्या बोलण्यात चेष्टा नव्हती. पुढं त्यांनी हेही सांगितलं की श्रावण-भादव्यात त्यांच्याच घरातली कणगी रिकामी व्हायची आणि कंदमुळांवर, रानभाज्यांवर दिवस काढायची पाळी यायची. सरकार आदिवासींना खावटी कर्ज देऊ लागलं ते याच महिन्यांसाठी. अशा महिन्यांतही बाबाचं पीठ चुकलं नाही.

हे ऐकल्यापासून मी गडाचा इतिहास वाचतो तो असाच, जेवणाच्या बाजूने.

कर्नल साईक्स घ्या. मुंबई सरकारचा हा सांख्यिकी अधिकारी दख्खनभर पक्षी, पाऊस आणि पिकं नोंदवत हिंडला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर उभं असताना खालच्या धुक्यात त्याला गोल इंद्रधनुष्य दिसलं आणि त्याच्या मधोमध स्वतःची सावली. त्याने ते 1835 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. आज आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो आणि ते पाहायला कोकणकड्यावर गर्दी करतो. तो कडा डोंगरच्या लोकांनी त्याच्या आधी पाहिलाच नव्हता की काय! पण नोंद साहेबाची. त्याचं सामान वर कुणी नेलं, वाट कुणी दाखवली, हे मी सांगायला नको.

गडावर शिबंदी असायची तीही याच लोकांची. कोळी नाईकवाड्यांनी हे डोंगरी किल्ले राखले. 1818 नंतर इंग्रजांनी किल्ले निकामी केले, शिबंदी कमी केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट तुटलं. त्यातून जे बंड पेटलं त्यात देवगावचे रामजी भांगरे होते आणि पुढं त्यांचा मुलगा राघोजी. राघोजी सावकारांची नाकं कापायचा, म्हणून सरकारी कागदांत तो दरोडेखोर. कुणाच्या वहीत किती व्याज चढलं होतं, ते मात्र त्या कागदांत शोधावं लागतं.

इथं मला नेहमी एक अमेरिकन गृहस्थ आठवतात. हेन्री डेव्हिड थोरो. जगभर साधं जगणं म्हटलं की त्यांचंच नाव घेतात. 4 जुलै 1845 रोजी ते मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेले आणि सप्टेंबर 1847 मध्ये परतले. जमीन मित्राची, इमर्सनची. गाव चालत जाण्याएवढं जवळ, आणि अधूनमधून जेवायला घरी. कर भरायला नकार दिला म्हणून एक रात्र कोठडीतही काढली. मी त्यांचा अनादर करत नाही; त्यांचं पुस्तक मी आवडीने वाचलंय. पण तारखा शेजारी ठेवून पहा. त्याच वर्षांत राघोजी आमच्या रानात होता. झाडाखाली झोपत होता, मिळेल ते खात होता, आणि त्याला घरी जेवायला जाता येत नव्हतं. 1848 च्या जानेवारीत तो वेषांतर करून पंढरपूरला गेला आणि तिथंच पकडला गेला. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. रान एकच, एकाने निवडलेलं, दुसऱ्यावर आलेलं. साध्या जगण्यावर लिहिणारे पहिल्याचीच गोष्ट सांगतात, कारण लिहायला फुरसत त्यालाच होती.

विसाव्या शतकात चित्र उलटं झालं. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवली, 1926 साली धरण पुरं झालं. जमिनी गेल्या डोंगरातल्या, पाणी गेलं खाली. त्या पाण्यावर श्रीरामपूर, राहुरी, राहात्याकडे ऊस उभा राहिला. 1950 साली लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उत्तर नगरचं नाव देशभर झालं. त्याबद्दल मला अभिमानच आहे, मी नगरचाच. पण माझ्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर गायब व्हायची, ती आईबापांबरोबर नारायणगाव-ओतूरकडे मजुरीला गेलेली असायची. पहाटे रस्त्याच्या कडेला माणसांचा बाजार भरतो, शेतकरी येऊन टोळ्या ठरवून नेतात. डोंगरातला माणूस साधं जगणं सोडून खाली जायला धडपडत होता आणि मुंबई-पुण्याचा माणूस तेच शोधत वर येत होता. तोलारखिंडीत दोघांची गाठ पडत असेल तेव्हा एकमेकांना काय म्हणत असतील, याचा मी बऱ्याचदा विचार केलाय.

1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. रानातलं लाकूड, शिकार, राब यांवर बंधनं आली. त्यानंतर पर्यटन आलं. पावसाच्या तोंडाला काजवे पाहायला इतक्या गाड्या येतात की काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त. तळ्याकाठी तंबू लागले. सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पाचनई, रतनवाडी, बारी इथल्या कित्येक घरांतल्या बायका आता पिठलं-भाकरी करून चार पैसे मिळवतात, आणि पोरं वाटाडे झाली म्हणून ओतूरची खेप चुकते. हिरडा गोळा करून व्यापाऱ्याच्या तराजूपुढे उभं राहण्यापेक्षा हे बरं. बैराग्याला फुकट गेलेल्या पिठाला आता निदान भाव मिळतो.

अलीकडे मला पुण्याहून फोन येतात. कुणी निवृत्त इंजिनिअर, कुणी कंटाळलेलं तरुण जोडपं. “गुरुजी, तुमच्या भागात दोन एकर मिळेल का? मातीचं घर बांधू, शांत राहू.” मी त्यांना आधी कायदा सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि ती सहज मिळू नये हाच कायद्याचा हेतू आहे. दुसऱ्याच्या नावावर घेऊन वापरायची जी पळवाट दलाल सुचवतात, तिच्यात पडू नका. मग त्यांना म्हणतो, एक आषाढ भाड्याने राहून बघा. बहुतेक जण परत फोन करत नाहीत. एक जोडपं मात्र राहिलं. ते आवणीला गावकऱ्यांबरोबर चिखलात उतरतात आणि धान्य विकत घेतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

मीही शेवटी नगरला परत गेलो नाही. अकोल्यात घर बांधलं, सिमेंटचं, पत्र्याची पडवी काढून. साधं जगायचं म्हणून राहिलो असं सांगितलं तर बायको हसेल. माणसांची सवय झाली, एवढंच.

गडाच्या इतिहासावर पुस्तकं आहेत, शिलालेखांची वाचनं आहेत, देवळाच्या शैलीवर लेख आहेत. वर शिधा नेणाऱ्या घरांची यादी मात्र कुठंच नाही, आणि ज्यांना आठवतं ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. तेव्हा पुढच्या वेळी गडावर आलात तर पाचनईत जेवा, भाकरीच्या दरात घासाघीस करू नका, आणि त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसून विचारा की वरच्या बाबाला भाकरी कोण पोचवायचं. सांगितलेली नावं लिहून घ्या आणि गावच्या शाळेत एक प्रत द्या.