सामायिक दप्तराची राखण



गावच्या विहिरीची राखण कुणी करायची? प्रत्येकाने घरी पाणी गाळून घेतले, तरी विहिरीत औषध टाकावेच लागते. संगणकांच्या जगाला हा धडा कसा मिळाला, ती हकिकत आज सांगतो.

१९८६ साली लाहोरच्या बासित व अमजद फारूख अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीवरून पसरला. फ्लॉपी हाताने न्यावी लागे. म्हणून रोगाची चाल बैलगाडीची होती. पुढे कचेऱ्यांतले संगणक तारांनी जोडले गेले, आणि सर्वांचे कागद एका सर्व्हरवर, सामायिक फोल्डरात राहू लागले. सोय मोठी झाली. पण रोगालाही वाट सापडली. सप्टेंबर २००१ मधला 'निमडा' ईमेलबरोबरच अशा उघड्या फोल्डरांतूनही शिरला.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक संगणकावर अँटीव्हायरस घातला की झाले! नाही बरे. तीस संगणकांनी एकाच वेळी तेच फोल्डर तपासायला घेतले, तर एकेक फाईल तीस वेळा तारेवरून ओढली जाते, आणि कामाचा खोळंबा होतो. कंटाळून सर्वांनी तपासणी बंद केली, तर 'दुसरा पाहील' म्हणता म्हणता कुणीच पाहत नाही.

म्हणून अनुभवाने रीत ठरली. सामायिक फाइली सर्व्हरनेच तपासाव्यात: येता-जाता प्रत्येक फाईल, आणि रात्री सगळे दप्तर. इतरांनी आपापली डिस्क पाहावी. पूर्ण तपासणीतून सामायिक फोल्डर वगळावे. लिहिण्याचा अधिकार ज्याला लागेल त्यालाच द्यावा.

एवढ्याने भागते का? १२ मे २०१७ रोजी 'वॅनाक्राय' विंडोजच्या फाईल-वाटपातील दोषातून घुसला. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० संस्थांना झळ पोचली, रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. तेव्हा दुरुस्त्या वेळेवर हव्यात, आणि दप्तराची एक प्रत संगणकापासून तोडून, वेगळी ठेवलेली हवी.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेचे दाखले, निकालपत्रके अशाच एका फोल्डरात असतील. मुलांचे वर्षभराचे कष्ट त्यात आहेत. त्याची राखण कुणाकडे, हे उद्याच विचारा. आणि उत्तर 'सगळ्यांकडे' असे आले, तर ती कुणाकडेच नाही असे समजून एकाचे नाव ठरवून टाका.