अरगट विषबाधा, बाजरीची

बाजरीच्या कणसात दाण्याच्या जागी वाढणाऱ्या क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस या बुरशीच्या गाठी धान्याबरोबर दळल्या जाऊन पोटात गेल्याने होणारी विषबाधा. १९५६ साली सातारा भागात बाजरीवर अरगटाची मोठी साथ आली. भिडे व हेगडे यांनी १९५७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तिची नोंद केली. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन माणसे आजारी पडली, त्याचा वृत्तांत पटेल, बोमन व दलाल यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला.

अरगट म्हटले की पुस्तकांत मध्ययुगीन युरोप येतो : राय धान्याचा पाव, ‘सेंट अँथनीचा अग्नी’, काळी पडून झडणारी बोटे, झटके. हे वर्णन बाजरीच्या अरगटाला लागू पडत नाही. रायवरची बुरशी क्लॅव्हिसेप्स पुर्पुरिया ही वेगळी जाती. तिच्यातील अरगोटामीन रक्तवाहिन्या आवळते. बाजरीवरच्या बुरशीत ॲग्रोक्लॅव्हीन, एलिमोक्लॅव्हीन, चॅनोक्लॅव्हीन अशी अल्कलॉइडे असतात. त्यांनी मळमळते, पुन्हा पुन्हा उलट्या होतात, चक्कर येते आणि मग रोग्याला गुंगी येऊन तो झोपून राहतो. बहुतेक रोगी एकदोन दिवसांत बरे होतात. १९७५ मध्ये राजस्थानातील जालोर जिल्ह्यात ७८ जणांना अशी बाधा झाली, तेव्हाही हेच चित्र दिसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णम्माचारी व भट यांनी त्याचा अभ्यास केला. रोगी लवकर सावरतो म्हणून ‘काहीतरी बाधले’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि त्याच पिठाची भाकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तव्यावर पडते. उलट्यांमागोमाग पेंग, तीही एकाच घरातील बाजरी खाणाऱ्या सगळ्यांना, असे दिसले तर आधी डब्यातली बाजरी पाहावी. या विषावर वेगळा उतारा नाही. ते धान्य थांबवायचे आणि लक्षणांनुसार उपचार करायचे.

रोगाचे मूळ बाजरीच्या फुलोऱ्यात आहे. बाजरीत आधी कुक्षी बाहेर येतात, परागकोश काही दिवसांनी. या मधल्या दिवसांत बुरशीचे बीजाणू उघड्या कुक्षीतून आत शिरतात. परागण वेळेवर झाले तर कुक्षी सुकते आणि बुरशीची वाट बंद होते. फुलोऱ्यात ढगाळ हवा व रिमझिम पाऊस असला की पराग ओले होऊन उडत नाहीत, बुरशीचे मात्र फावते. आठवड्याभरात कणसावर मधासारखे चिकट, गुलाबीसर थेंब दिसू लागतात; पाऊस व कीटक ते शेजारच्या कणसांवर नेतात. पुढे तिथेच गर्द तपकिरी ते काळ्या, टोकदार गाठी तयार होतात. संकरित बाजरी (पहिले वाण एच.बी.-१, १९६५) आल्यावर रोग बळावला, कारण सारे शेत एकदम फुलोऱ्यावर येते आणि कुक्षी उघड्या असताना आसपास पराग नसतात. तरी सगळा दोष संकरित वाणांच्या माथी मारणे बरोबर नाही. साताऱ्याची साथ त्यांच्या नऊ वर्षे आधीची आहे.

गाठ दाण्याहून लांब व वजनाने हलकी असते, म्हणून मिठाच्या पाण्यात तरंगते. बियाण्यासाठी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बाजरी ओततात, वर आलेल्या गाठी व पोचट दाणे काढून टाकतात, खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. खाण्याच्या धान्यालाही हाच उपाय चालतो, मात्र ते अधिक वेळा धुवावे लागते. आपल्याकडील अन्नमानकांनुसार बाजरीत अरगटबाधित दाण्यांचे प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एकदा दळण झाले की डोळ्यांना काहीच कळत नाही. निवडायचे ते त्याआधीच.

ठाणे जिल्ह्यातील कोपर, डोंबिवली, कल्याण हा मूळचा भाताचा मुलूख. इथली बाजरी घाटावरून पोत्यांत येते, त्यामुळे कणसावरचे चिकट थेंब इथल्या गिऱ्हाइकाने पाहिलेले नसतात. शेतकऱ्याला मिळणारी ती पहिली खूण गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत नाही. त्याने सुपात काळ्या लांबट गाठी शोधाव्यात, आणि तयार पीठ घेण्यापेक्षा बाजरी घेऊन, पाखडून गिरणीत द्यावी. भातावरची आभासी काणी ही अरगटाच्याच कुळातील बुरशी आहे, पण तिचे हिरवट-पिवळे गोळे लगेच ओळखू येतात.

काणी आणि गोसावी हेही बाजरीचेच रोग. ते पीक बुडवतात, खाणाऱ्याला अशी गुंगी आणत नाहीत. जनावरांत मात्र अरगटाचा आणखी एक परिणाम आढळतो : अशी बाजरी खाल्लेल्या व्यायलेल्या डुकरिणींना दूध येत नाही, असे तेव्हाच्या ऱ्होडेशियात १९५०च्या दशकात दिसून आले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे अरगोमेट्रीन हे औषध रायच्या अरगटातून मिळाले. बाजरीच्या अरगटाला औषधात असे स्थान नाही.