भेंडीचा केवडा आणि पांढरी माशी

भेंडीच्या पानांच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या झाल्या की आपण म्हणतो, केवडा आला. कुणी त्याला हळद्याही म्हणतं. मग आपण खत वाढवतो, फवारणी करतो. तरी भेंडी पिवळट आणि निबर निघते, बाजारात भाव मिळत नाही. या रोगाचं कारण कसं सापडलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

या रोगाची पहिली नोंद १९२४ सालची, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली. ती कुलकर्णी नावाच्या अभ्यासकांनी केली. पुढे १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी दाखवलं की हा रोग विषाणूमुळे होतो. पण विषाणूला ना पाय, ना पंख. मग तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो कसा? १९५० मध्ये कपूर आणि वर्मा यांनी याचं उत्तर शोधलं: पांढरी माशी. ही जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषते. रोगट झाडाच्या रसाबरोबर विषाणू तिच्या पोटात जातो. मग ती निरोगी झाडावर बसली की लाळेतून तो तिथे उतरतो.

कारण कळलं, तरी लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नव्हतं. आजही नाही. म्हणून शास्त्रज्ञ रोगाला दाद न देणाऱ्या वाणाच्या मागे लागले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी 'पुसा सावनी' तयार केली. ती देशभर पोचली, पण पुढे तिच्यावरही केवडा येऊ लागला. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा संकर भेंडीच्या रानटी भावकीतल्या एका झाडाशी केला. त्यातून निवड करत १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' आली. हे सरळ वाण असल्याने त्याचं बी घरी धरता येतं. पण काळ गेला तशी तिच्यावरही काही ठिकाणी लागण दिसू लागली.

म्हणजे नुसत्या वाणावर विसंबून चालत नाही. पहिलं पिवळं झाड दिसताच ते उपटून जाळावं किंवा पुरावं. बांधावरचं तण काढावं, पिवळे चिकट सापळे लावावेत. आणि हे गटातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करावं. एकीने झाडं उपटली आणि शेजारणीने तशीच ठेवली, तर माशी पुन्हा येणारच. तिला बांध कुठे कळतो?