बाउंडरी वॉटर्स

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य भागातील, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेला सरोवरांचा व अरण्याचा संरक्षित प्रदेश. क्षेत्रफळ सु. ४,४०० चौ. किमी. हा सुपीरियर राष्ट्रीय वनाचा भाग असून उत्तरेस आँटॅरिओतील क्वेटिको उद्यान त्याला भिडते. येथे हजाराहून अधिक सरोवरे आहेत. येथील खडक कॅनडियन ढालप्रदेशाचे असून त्यांपैकी काही सु. २७० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हिमयुगातील बर्फाने माती खरवडून नेली, कमकुवत खडक कोरला आणि बर्फ ओसरल्यावर त्या खळग्यांत पाणी साठले. गनफ्लिंट परिसरातील सरोवरे खडकांच्या थरांना धरून पूर्व-पश्चिम लांबट झाली आहेत.

या प्रदेशाची दुर्गमता भूरचनेतूनच आली, असे सहज वाटते. ते पुरते खरे नाही. ओजिब्वे या मूळ अमेरिकी लोकांच्या दृष्टीने ही सरोवरे म्हणजे रहदारीची वाटच होती. एक सरोवर संपले की हलकी नाव खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढचे गाठायचे, हा त्यांचा प्रवास. पुढे फर व्यापाऱ्यांनीही तोच मार्ग धरला. ज्या भूगोलाने माणसाला आत नेले, त्यालाच नंतर माणूस रोखल्याचे श्रेय देता येत नाही. पातळ मातीमुळे शेती झाली नाही आणि त्यामुळे वस्ती वाढली नाही, हा आक्षेप वजनदार आहे. पण शेतीला नकार देणाऱ्या या जमिनीवर लाकूडतोड मात्र आलीच. धरणांच्या योजना आखल्या गेल्या आणि पुढे हौशी मासेमारांना घेऊन विमाने थेट आतल्या सरोवरांवर उतरू लागली. त्यांना आवर घातला तो कायद्याने: १९३० मध्ये काठची वृक्षतोड व पाण्याच्या पातळीतील फेरफार यांवर बंधन आले, १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशाने कमी उंचीवरील उड्डाणांना मनाई झाली आणि १९७८ च्या कायद्याने लाकूडतोड थांबली.

मग हे अरण्य कृत्रिम ठरते का? तसे नाही. कायद्याने येथे काही घडवले नाही, फक्त या गोष्टी रोखल्या. जंगल घडवण्याचे काम आग करत आली आहे. जॅक पाइन वृक्षाचे बहुतेक शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात; आगीच्या धगीने ते उघडतात आणि बी मोकळे होते. २०११ च्या पगामी क्रीक वणव्यात सु. ३७,००० हेक्टर क्षेत्र होरपळले, तरी त्याला निव्वळ विनाश म्हणणे चूक आहे. खरा धोका पाण्याला आहे. चुनखडीविरहित खडकांमुळे हे पाणी आम्ल सामावून घेण्यात दुबळे आहे. खाणकाम झाल्यास आम्ल सोडू शकणारे नैर्ऋत्येकडील गंधकयुक्त तांबे-निकेलचे साठे संरक्षित सीमेबाहेर असले, तरी तिकडचे पाणी दक्षिण कविशिवी नदीच्या पाणलोटातून याच सरोवरांकडे वाहते.