घोंगडी

घोंगडी : दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, हातमागावर विणलेले जाड पांघरूण. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ, जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. शेती बेभरवशाची असल्याने येथे मेंढपाळी रुजली आणि तिच्या आधाराने घोंगडीचा धंदा उभा राहिला. म्हसवड (ता. माण) हे विणकामाचे जुने ठिकाण.

लोकर : दख्खनी मेंढीचा एक उपप्रकार साताऱ्यातील लोणंदच्या नावाने ओळखला जातो. लोकर भरड व केसमिश्रित असते. रंग बहुधा काळा, क्वचित करडा, तपकिरी वा पांढरा. कातरणी वर्षातून दोनदा होते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला ‘जावळ’ म्हणतात. जावळाची घोंगडी मऊ, म्हणून महाग.

विणकाम : लोकर पिंजून चरख्यावर सूत काढतात, हे काम मुख्यतः बायका करतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सणगर व खुटेकर धनगर विणकर खड्डामागावर घोंगडी विणतात. बहुतेक घोंगड्यांना रंग देत नाहीत. काळ्या-पांढऱ्या लोकरीचेच काठ उठवतात.

जाळीदार शालीशी तुलना : रशियातील ओरेनबर्ग आणि स्कॉटलंडमधील शेटलंड येथील हलक्या शाली मागावर नव्हे, सुयांवर विणतात. सुईभोवती धागा घेऊन छिद्र पाडायचे व दोन टाके एकत्र विणून टाक्यांची संख्या राखायची, ही त्यांची मूळ रीत. विणून झाल्यावर शाल ओली करून ताणून वाळवतात, तेव्हा जाळी खुलते. अंगठीतून आरपार जाणाऱ्या या शालींना ओरेनबर्गमध्ये शेळीची तलम लव आणि शेटलंडमध्ये तेथील मेंढीची मऊ लोकर लागते. दख्खनी लोकरीचे सूत तेवढे बारीक निघत नाही. तिचा गुण टिकाऊपणात आणि उबेत आहे.

उपयोग : अंथरूण, पांघरूण आणि पावसात डोक्यावरून घेण्याची खोळ. बिरोबाच्या उपासनेत घोंगडीला मान आहे, आरेवाडी (ता. कवठे महांकाळ) हे बिरोबाचे प्रसिद्ध स्थान.

सद्यःस्थिती : गिरणीची ब्लँकेटे व कृत्रिम धाग्याच्या चादरी स्वस्त मिळू लागल्याने मागणी घटली. मेंढपाळांचा कलही मांसाकडे वळला. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी त्यासाठीच नावाजली आहे. तिची लोकर विणकराच्या फारशी उपयोगाची नसल्याने कळपातली काळी दख्खनी मेंढी कमी होते, तशी घोंगडीच्या कच्च्या मालाचीही टंचाई भासते.