लक्ष्मीचे नाणे आणि संग्राहकाची दृष्टी : त्रिपुरीच्या निमित्ताने

जबलपूरहून भेडाघाटाकडे जाताना वाटेत तेवर नावाचे एक गाव लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. १९५२ साली मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननाने या स्थळाची प्राचीनता कलचुरींच्याही मागे कितीतरी शतके नेली. नाण्यांची साक्षही तशीच आहे. इसवी सनापूर्वीच्या काळातील तांब्याची काही लहान नाणी या नगरीच्या नावाची आहेत. त्यांवर टेकडी, चंद्रकोर, नदी अशी चिन्हे असून ब्राह्मी लिपीत ‘तिपुरि’ एवढीच अक्षरे आहेत. राजाचे नाव नाही, देवतेचे नाही. केवळ गावाचे नाव. त्यानंतर बाराशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर याच भूमीतून दुसरे एक नाणे निघाले. कलचुरी नृपती गांगेयदेवाचे हे नाणे उत्तर भारताच्या नाणकपरंपरेत मैलाचा दगड ठरले. नाण्यांचा संग्रह माणसे का करतात आणि नाण्यावरील चित्र त्यांना का भुरळ घालते, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः छंदाच्या किंवा गुंतवणुकीच्या अंगाने होते. गांगेयदेवाचे नाणे हाती घेतले की तोच प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही आपला वाटू लागतो.

गांगेयदेवाची राजवट साधारणतः इ. स. १०१५ ते १०४१ अशी मानतात. त्याने सोने, चांदी व तांबे या तिन्ही धातूंत नाणी पाडली. सोन्याचे नाणे वजनाने चार ग्रॅमच्या आसपास भरते. एका बाजूस नागरी लिपीतील तीन ओळींत ‘श्रीमद्गांगेयदेव’ हे नाव, दुसऱ्या बाजूस पद्मासनात बसलेली चतुर्भुज लक्ष्मी. या मांडणीतील धाडस आज सहजी लक्षात येत नाही. गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांवर राजा स्वतः उभा असे: धनुष्य घेतलेला, सिंहाशी झुंजणारा, समुद्रगुप्त तर मांडीवर वीणा घेऊन बसलेला. गांगेयदेवाने राजाचे चित्र काढूनच टाकले आणि ती संपूर्ण बाजू अक्षरांना दिली. अक्षरे जाड, ठसठशीत आणि एकमेकांना खेटून बसलेली आहेत. त्यांच्यात सुलेखनाचा डौल नसला तरी भार आहे. जणू राजाने आपल्या देहाच्या जागी आपले नाव बसवले. पलीकडच्या बाजूची देवी रेषा आणि बिंदू यांतून घडलेली आहे. मुखाचा तपशील फारसा नाही, दागिने म्हणजे ठिपक्यांच्या ओळी, हात म्हणजे वळणदार रेषा. गुप्तांच्या लक्ष्मीचे लावण्य पाहिलेल्या डोळ्यांना ही ऱ्हासाची खूण वाटली तर नवल नाही, आणि कलेच्या इतिहासात तसे म्हटलेही जाते. परंतु चार ग्रॅम सोन्यावर, ठोकून उठवण्याच्या तंत्राने, हजारो वेळा तीच प्रतिमा उमटवायची असताना तपशील गाळून आकृतीचा सांगाडा राखणे यामागे वेगळे कौशल्य असते. ओवीत उपमांची गर्दी नसते म्हणून तिला दरिद्री म्हणण्यासारखीच ती टीका आहे.

कलचुरी शैव होते. त्यांच्या नाण्यावर लक्ष्मी का, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर गजलक्ष्मी आणि तिच्याखाली नंदी असे चिन्ह आढळते. म्हणजे राजलक्ष्मी आणि कुलदैवत यांची सांगड घराण्याने आधीच घातली होती. तथापि नाण्यावरील लक्ष्मीची वंशावळ याहून लांबची आहे. कुशाणांच्या नाण्यांवर अर्दोक्षो ही इराणी देवता समृद्धीचे शिंग हाती घेऊन बसलेली दिसते. त्या शिंगामागे ग्रीक जगातील भाग्यदेवतेची आठवण आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर हीच आसनस्थ, शिंगधारिणी देवी आली. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात तिचे आसन कमळ झाले, हातात कमळ आले आणि ती निःसंशय लक्ष्मी झाली. येथे भाषांतर झाले, तेही एका शब्दाविना. तौलनिक साहित्याचा अभ्यासक ज्याला प्रभाव आणि स्वीकार म्हणतो, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रंथांत क्वचितच सापडेल. कारण ग्रंथाच्या प्रती नष्ट होतात, पाठ बदलतात, नाणे मात्र ज्या दिवशी पाडले गेले त्या दिवसाचा पाठ अंगावर बाळगते.

गांगेयदेवाच्या पाठाचे पुढे काय झाले हे तर अधिकच उद्बोधक आहे. बुंदेलखंडातील चंदेलांनी तो उचलला, गाहडवालांनी उचलला. राजाचे नाव तेवढे बदलले, देवी आणि मांडणी तीच राहिली. ११९२ च्या तराईच्या युद्धानंतर उत्तरेत सत्ता आली ती मुहम्मद घोरीची. त्याच्या काही सुवर्णनाण्यांवर एका बाजूस नागरी अक्षरांत त्याचे नाव आहे आणि दुसऱ्या बाजूस तीच बसलेली लक्ष्मी. याचा अर्थ लावताना अभ्यासकांनी सहिष्णुतेची किंवा राजकीय धूर्तपणाची भाषा वापरली आहे. बाजाराची भाषा अधिक साधी आहे: लोकांना जे नाणे ओळखीचे होते तेच चालत होते. विजेत्याला देश जिंकता आला, देशाच्या डोळ्यांची सवय जिंकता आली नाही.

ओळखीच्या प्रतिमेवरील हा विश्वास हेच नाणेसंग्रहाचेही मूळ आहे. युरोपीय इतिहासकार संग्रहाच्या छंदाचा आरंभ सांगताना बहुधा पेत्रार्कापाशी जातात. १३५४ साली या कवीने मांतुआ येथे सम्राट चौथा चार्ल्स याला प्राचीन रोमन सम्राटांची नाणी भेट दिली, ती त्या मुखांकडे पाहून सम्राटाने आपले आचरण घडवावे या हेतूने. नाणे येथे चरित्रग्रंथासारखे वाचले गेले. मराठी घरांत ही वृत्ती निराळ्या वाटेने आली आणि तिला छंद असे नाव कोणी दिले नाही. पुतळ्यांची माळ हा दागिना घ्या. व्हेनिसच्या सुवर्णनाण्याला मराठी मुलखात पुतळी हे नाव पडले ते त्यावरील उभ्या मानवाकृतींवरून. एका परक्या नगरराज्याचा अधिपती आणि त्याचा संत मराठी स्त्रीच्या गळ्यात येऊन बसला आणि तो कोण, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर राणीछाप रुपये मांडले जातात तेव्हा व्हिक्टोरियाचे मुख हळदीकुंकवाखाली झाकले जाते. देव्हाऱ्यातील टाक हे नाणे नव्हे, पण ठोकून उठवलेल्या प्रतिमेची श्रद्धा तीच. आपल्याकडे नाणे जपले गेले ते आधी चित्र म्हणून, मग धन म्हणून, आणि इतिहास म्हणून फार उशिरा.

इतिहास म्हणून जपण्याची निकड ज्यांनी ओळखली त्यांत मराठी विद्वानांचे स्थान मोठे आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रशासनाखाली होते. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने त्रिपुरीच्या अभ्यासाचे एक केंद्रही नागपूरच झाले. वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा जो संग्रह संपादित केला तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. कलचुरींच्या नाण्यांचा विचार त्यांनी लेखांच्या जोडीनेच केला. लेख आणि नाणे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची ही पद्धत किती फलदायी असते, हे एका उदाहरणावरून दिसेल. सहाव्या शतकात माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यात कृष्णराज नावाचा राजा होऊन गेला. त्याची चांदीची छोटी नाणी, एका बाजूस राजमुख व दुसऱ्या बाजूस बसलेला बैल, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळाली आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील भोगशक्तीचा ताम्रपट आठव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे कृष्णराजानंतर सुमारे दीडशे वर्षांचा. त्यात रकमा सांगितल्या आहेत त्या ‘कृष्णराज-रूपकां’त. घराणे गेले, राज्य गेले, राजाचे नाव मात्र पैशाचे नाव होऊन राहिले. (त्याच अंजनेरीच्या परिसरात आज नाणकशास्त्राची संशोधनसंस्था उभी आहे. १९८० साली ती स्थापन झाली तेव्हा हा योग कोणी मुद्दाम जुळवला असेल असे वाटत नाही.)

आता संग्राहकाच्या दृष्टीची दुसरी बाजू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. नहपानाचे नाणे दिसायला मोहक आहे: दर्शनी बाजूस राजमुख, आणि नाव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. ग्रीक अक्षरांतही भाषा ग्रीक नाही; प्राकृत शब्दच त्या लिपीत उतरवले आहेत. तीन लिप्यांची ही सोबत पाहून कोणाही भाषाप्रेमी संग्राहकाचा जीव त्यावर जडावा. परंतु या ठेव्याने इतिहास सांगितला तो सौंदर्यामुळे नव्हे. रेव्हरंड स्कॉट यांनी तो तपासला, तेव्हा नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नहपानाच्या सत्तेचा शेवट कोणी केला याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. आणखी एक गोष्ट स्कॉट यांच्या ध्यानात आली. निरनिराळ्या नाण्यांवरील मुखे एका माणसाची वाटत नव्हती. वये वेगळी, नाके वेगळी. त्यांनी ती एका कुळातील वेगवेगळ्या व्यक्तींची मानली. त्यांचे उत्तर पटो वा न पटो, प्रश्न निर्माण झाला तो हजारो मुखे एकत्र पाहता आल्यामुळे. त्यांपैकी एकच नाणे, उत्तम ठशाचे, मखमलीवर ठेवलेले, यांतले काहीही सांगू शकले नसते.

संग्राहक निवड करतो, आणि ही निवड डोळ्याने होते. ठसा मध्यभागी बसलेला, देवीचे मुख न झिजलेले, अक्षरे पूर्ण, असे नाणे त्याला हवे असते. त्यात गैर काही नाही. कवितासंग्रहाचा संपादकही याहून वेगळे करीत नाही. १८७८ चा निखात-निधीचा कायदा सापडलेला ठेवा सरकारला कळवण्यास सांगतो. प्रत्यक्षात शेताच्या नांगरटीत हंडा लागला की त्याची वाटणी होते, काही नाणी सोनाराकडे जातात, काही व्यापाऱ्याकडे, आणि ती जबलपूरची की झाशीची याची खूण पुसली जाते. सोनाराच्या मुशीत आधी पडतात ती झिजलेली, हलकी, कुरूप नाणी, कारण त्यांना कोणी मागत नाही.

गांगेयदेवाच्या बाबतीत ही हानी मोजता येण्याजोगी आहे, कारण तेथे एक कोडे अनुत्तरित पडले आहे. त्याचा पुत्र कर्ण बापाहून अधिक पराक्रमी होता. गुजरातपासून वंगापर्यंत त्याच्या मोहिमांचा धाक होता, आणि ताम्रपट व प्रशस्ती त्याच्या नावाने दुमदुमतात. तरीही त्याच्या नावाचे एकही नाणे निश्चितपणे ओळखता आलेले नाही. एवढ्या मोठ्या सम्राटाने नाणी पाडलीच नाहीत हे अशक्यप्राय वाटते. त्याने पित्याच्या नावानेच टाकसाळ चालू ठेवली असणे अधिक संभवनीय आहे. चालत्या नाण्यावरील नाव बदलणे म्हणजे लोकांचा विश्वास पणाला लावणे, आणि प्रशस्तीत स्वतःचे नाव गर्जत ठेवणाऱ्या कर्णाने बाजारात मात्र पित्याचे नाव राहू दिले, असा त्याचा अर्थ होईल. कृष्णराज-रूपकांची हकीकत या तर्काला बळ देते. पण तर्काला पुरावा लागतो, आणि तो नाण्याच्या चित्रात नाही. ते सर्वत्र सारखेच आहे. तो आहे सोन्याच्या कसात, वजनाच्या घसरणीत, अक्षरांच्या उत्तरोत्तर बिघडत गेलेल्या वळणात, आणि एका हंड्यात कोणती नाणी कोणत्या नाण्यांशेजारी होती या नोंदीत. म्हणजे नेमक्या त्या हिणकस, अर्धवट ठशाच्या नाण्यांत, ज्यांना संग्राहकाने हातात घेऊन, एकदा उजेडात धरून, परत केले.