ऑस्ट्रेलियांतील गांवोगांवचीं रेडिओ-केंद्रें

ऑस्ट्रेलिया म्हटलें म्हणजे आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें क्रिकेटचें मैदान उभें राहतें. फार झालें तर मेंढ्यांचे कळप आणि कांगारू. त्या खंडाच्या अंतर्भागांतील लहान गांवांचा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. एकट्या न्यू साउथ वेल्स प्रांताचा विस्तार आठ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून अधिक. आणि वस्ती मात्र आजहि एक कोटीच्या आंत, तींतीलहि बहुतेक समुद्रकांठच्या शहरांत एकवटलेली. किनारा सोडून आंत गेलें कीं एका शेतकऱ्याचें घर दुसऱ्यापासून कोसांवर, आणि बाजाराचें गांव त्याहून दूर. अशा देशांत रेडिओ आला तो करमणुकीचें नवें खेळणें म्हणून. पण पाहतां पाहतां त्यानें शेजाराची उणीव भरून काढली. विशेष हें कीं, या कामाचा मोठा वाटा सरकारी पैशानें चालणाऱ्या केंद्रांनीं नव्हे, तर गांवांतल्या दुकानदारांच्या जाहिरातींवर पोट भरणाऱ्या खाजगी केंद्रांनीं उचलला. नफा हाच ज्यांचा उद्देश, त्यांनीं एका काळीं गांवाची इतकी सेवा कां केली, आणि पुढें त्याच उद्देशानें ती आंखडती कां घेतली, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशीं आहे.

आरंभ मात्र कांहींसा हास्यास्पद झाला. २३ नोव्हेंबर १९२३ रोजीं सिडनी येथें पहिलें परवानाधारक केंद्र सुरू झालें. तेव्हांच्या नियमाप्रमाणें श्रोत्याचें यंत्र मोहोरबंद असे. ज्या केंद्राची वर्गणी भरली तेवढेंच त्यावर ऐकूं यावें, दुसरें ऐकावयाचें तर दुसरी वर्गणी. हवेंतून मोकळ्या फिरणाऱ्या ध्वनीला कुलूप घालण्याची ही युक्ति लोकांनीं अर्थातच मानली नाहीं. हौशी मंडळी घरच्या घरीं यंत्रें जुळवूं लागली, आणि वर्षभरांतच ती योजना गुंडाळावी लागली. १९२४ च्या जुलैमध्यें केंद्रांचे दोन वर्ग करण्यांत आले. 'ए' वर्गास श्रोत्यांच्या परवाना-शुल्कांतून पैसा मिळे. 'बी' वर्गानें जाहिरातींतून आपला निर्वाह करावा. 'ए' वर्गाचीं केंद्रें पुढें १९३२ सालीं स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशन या सार्वजनिक संस्थेकडे गेलीं. 'बी' वर्ग म्हणजे व्यापारी केंद्रांचा मूळ पुरुष. आपल्याकडे मुंबई, पुणें व नागपूर येथील विविधभारतीवर जाहिराती ऐकूं येऊं लागल्या त्या १९६७ च्या नोव्हेंबरांत, आणि खाजगी केंद्र निघण्यास २००१ साल उजाडावें लागलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या निर्णयाचें महत्त्व कळतें.

हीं केंद्रें कोणी काढलीं? भांडवलदारांच्या मोठ्या मंडळ्या पहिल्यानें गांवांकडे फिरकल्याच नाहींत. विजेचें सामान विकणारे, वर्तमानपत्रांचे मालक, तारायंत्राचा नाद लागलेले तरुण, अशांनीं आपल्या खिशांतून तीं उभीं केलीं. त्या देशांत केंद्राच्या नांवांतला पहिला आंकडा प्रांताचा असतो, आणि पुढचीं अक्षरें मालकानें सुचवावीं अशी चाल पडली. न्यूकॅसलचें '२ एच्-डी' हें १९२५ सालीं निघालें. त्यांतील अक्षरें हॅरी डग्लस या संस्थापकाच्या नांवाचीं. त्याच वर्षीं क्वीन्सलंडांतील टुवुंबा येथें '४ जी-आर' सुरू झालें. त्यांत गोल्ड नांवाच्या विजेच्या व्यापाऱ्याचें नांव आहे. गनेडा या आडगांवचें '२ एम्-ओ' म्हणजे मार्कस ऑलिव्हर. वाण्यानें दुकानाच्या पाटीवर नांव रंगवावें, तसाच हा प्रकार. पण त्या पाटीमुळें केंद्र कोणाचें हें गांवांत सर्वांस ठाऊक असे, आणि तक्रार करावयाची तर कोणाच्या दारांत जावें हेंहि.

कांहीं केंद्रांस तर स्वतःचें गांवच नव्हतें. १९२५-२६ सालीं स्वदेशी मालाचें प्रदर्शन घेऊन 'ग्रेट व्हाइट ट्रेन' नांवाची आगगाडी न्यू साउथ वेल्समधून हिंडली. तिच्यांत '२ एक्स्-टी' हें ध्वनिक्षेपण-केंद्र बसविलें होतें. व्हिक्टोरिया प्रांतांतील '३ वाय्-बी' ची कथा याहून मनोरंजक आहे. १९३१ पासून हें केंद्र प्रथम मोटारींवर आणि नंतर आगगाडीच्या डब्यांतून गांवोगांव फिरत असे. एका गांवीं मुक्काम करावा, तेथल्या दुकानदारांच्या जाहिराती मिळवून त्या तेथल्याच लोकांस ऐकवाव्या, आणि गाशा गुंडाळून पुढचें गांव गांठावें. आपल्याकडे तंबूंतला सिनेमा जत्रेमागून जत्रा करीत फिरे, त्याची येथें आठवण होते. अखेर १९३६ सालीं वॉर्नांबूल या बंदराच्या गांवीं त्यानें कायमचें बिऱ्हाड केलें.

दुसरें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास व्यापारी केंद्रांची संख्या शंभराच्या घरांत गेली होती. त्यांवरून काय ऐकूं येई? गुरामेंढ्यांच्या बाजाराचे भाव, पावसाची वार्ता, मुलांच्या वाढदिवसाचीं अभिनंदनें, रुग्णालयांत पडलेल्या आजाऱ्यासाठीं आप्तांनीं मागितलेलें गाणें, आणि अंत्यविधीच्या सूचना. शहरी मनुष्यास हें सारें क्षुल्लक वाटेल. परंतु चाळीस मैलांवर राहणाऱ्या ओळखीच्या मनुष्याचें दफन उद्यां किती वाजतां आहे, हें वेळेवर कळण्याचा दुसरा मार्ग जेथें नाहीं, तेथें या सूचनेची किंमत कशानें मोजावी? आणि यांत केंद्रचालकाची परोपकारबुद्धि शोधण्याचें कारण नाहीं. त्यास पैसे देणारा खाटीक, शिंपी किंवा धान्याचा व्यापारी गांवच्या हमरस्त्यावर बसलेला. त्याचें गिऱ्हाईक त्याच मुलुखांतलें. तेव्हां त्या गिऱ्हाइकाचे कान ज्यानें टवकारतील तें बोलण्यावांचून केंद्रास गत्यंतर नव्हतें. जाहिरातदाराचें दुकान, मालकाचें घर आणि श्रोत्याचें शेत हीं एकाच टापूंत होतीं, म्हणून आवाजहि त्याच टापूचा राहिला.

तथापि त्या काळाचें सर्वच स्थानिक होतें असें समजणें भाबडेपणाचें होईल. नाट्यमालिका सिडनी-मेलबर्नहून मोठाल्या तबकड्यांवर येत. 'डॅड अँड डेव्ह' ही खेडवळ बापलेकांची विनोदी मालिका १९३७ पासून १९५३ पर्यंत चालली. ती गांवच्या लोकांनीं आपली मानली, पण तयार होई ती शहरांत. १९३८ सालीं मॅक्वारी नांवाचें केंद्रांचें जाळेंहि निघालें. सरकारचा वरवंटाहि कधीं फिरे. जेहोवाज् विटनेसेस या पंथाशीं संबंध असल्याच्या कारणावरून १९४१ च्या जानेवारींत चार केंद्रें बंद पाडण्यांत आलीं. त्यांत न्यूकॅसलचें '२ एच्-डी' होतें. तें पुन्हां बोलूं लागलें तें १९४५ सालीं, दुसऱ्या मालकांच्या हातीं.

१९५६ मध्यें दूरचित्रवाणी आली आणि पुढील दशकांत ती गांवांत पोंचली. संध्याकाळीं कुटुंब रेडिओभोंवतीं बसे, तें आतां पडद्यासमोर बसूं लागलें. या संकटांतून टॅमवर्थच्या '२ टी-एम्' या १९३५ सालच्या केंद्रानें जी वाट काढली ती नमूद करण्याजोगी आहे. रात्रीं त्याचे ध्वनितरंग फार दूरवर जात. १९६५ पासून जॉन मिन्सन यांनीं त्या वेळेंत 'हो-डाउन' हा ग्रामीण संगीताचा कार्यक्रम चालविला. श्रोते इतके वाढले कीं केंद्राच्या चालकांनीं टॅमवर्थ हीच त्या संगीताची राजधानी असल्याची घोषणा ठोकून दिली. १९७३ च्या जानेवारींत तेथें पारितोषिकें सुरू झालीं, आणि दरवर्षीं भरणारा उत्सव आज त्या गांवाचें मोठें वैभव आहे. ही करामत एका जाहिरातखात्याची. पण तें खातें टॅमवर्थांत बसलेलें होतें.

हें अंतर १९९२ नंतर पडूं लागलें. त्या सालच्या कायद्यानें एका मालकानें देशभरांत किती केंद्रें बाळगावीं यावरील मर्यादा काढून टाकली. एका टापूंत दोन एवढीच राहिली. १९९६ पासून डेली मेल या ब्रिटिश वृत्तपत्र-संस्थेच्या मंडळीनें गांवचीं केंद्रें झपाट्यानें विकत घेतलीं, आणि आल्बरी येथील कार्यालयांतून अनेक गांवांस एकच कार्यक्रम पाठविण्याची व्यवस्था केली. पुढें तीं केंद्रें २००४ सालीं एका बँकेकडे गेलीं, आणि २०११ सालीं शहरी केंद्रांच्या ऑस्टेरिओ या मंडळीशीं त्यांचा संयोग झाला. २०१६ च्या डिसेंबरांत त्यांतील बहुतेकांचीं जुनीं नांवें जाऊन सर्वत्र 'हिट' आणि 'ट्रिपल एम्' ह्या दोनच पाट्या लागल्या. ग्रँट कुटुंबाचीं सेहेचाळीस केंद्रेंहि २०२२ च्या आरंभीं तीस कोटींहून अधिक डॉलरांस दुसऱ्या शहरी मंडळीनें घेतलीं. यांत कोणी लबाडी केली असें नव्हे. जाहिरातदार आतां देशभर दुकानें असलेला, मालक भागधारकांस बांधलेला. दहा गांवांस दहा निवेदक ठेवण्यापेक्षां एक ठेवणें स्वस्त. ज्या हिशेबानें पूर्वी केंद्र गांवाशीं बांधलें गेलें, त्याच हिशेबानें तें सुटलें.

लोकांनीं ओरड केली तेव्हां पार्लमेंटच्या एका समितीनें, पॉल नेव्हिल यांच्या अध्यक्षतेखालीं, चौकशी केली. 'लोकल व्हॉइसेस' हा तिचा अहवाल २००१ सालचा. २००६ च्या दुरुस्तीनें स्थानिक कार्यक्रमांची सक्ती आली. प्रथम दिवसास साडेचार तासांची अट होती. पुढें कामकाजाच्या दिवशीं तीन तास, आणि लहान केंद्रांस अर्धा तास, असें ठरलें. पूर्वी कोणी न सांगतां जें होत असे तें आतां घड्याळ लावून मोजावें लागतें. शिवाय 'स्थानिक' या शब्दाची व्याख्याहि सैल आहे: कार्यक्रम त्या टापूंत तयार झाला, तेथून सादर झाला, किंवा त्या टापूसंबंधीं असला, तरी चालतो. यांतील तिसऱ्या पर्यायानें दूरच्या शहरांत बसलेल्या निवेदकासहि गांवाविषयीं दोन शब्द बोलून अट पुरी करतां येते.

या अटींतून वर्षांतले पांच आठवडे वगळले आहेत. ते डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारीं सुरू होतात. निवेदकांस नाताळची रजा मिळावी हा हेतु. दक्षिण गोलार्धांत तो भर उन्हाळा. २०१९ च्या ३१ डिसेंबरास न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील गांवांभोंवतीं वणवा पेटला, तोहि याच पांच आठवड्यांत.